गभने मॅडमचे सहा कोपरे

गभने मॅडम माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, हाताकडे आधी. मी लॅबमध्ये कामाला गेले त्या दिवशी त्यांनी माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "आजी, नखं कायले वाढवली?"

"वाढवली नाही जी, वाढली."

त्या हसल्या नाहीत. खणातून कात्री काढून माझ्यासमोर ठेवली आणि आपल्या कामाला लागल्या.

लाखनीत हायवेच्या कडेला ही लॅब होती. दोन खोल्या, एक बाकडं, शेजारी पंक्चरचं दुकान. मालक एक डॉक्टर होते. त्यांचा दवाखाना मागच्या गल्लीत. रक्त-लघवी तपासणाऱ्या गभने मॅडम, आणि बाटल्या, काचा, फरशी धुणारी मी. माझं वय तेव्हा बासष्ट. शिक्षण चौथी. त्यामुळे पुढे जे शास्त्राचं लिहिणार आहे ते मॅडमनी जसं सांगितलं आणि मला जेवढं समजलं तेवढंच आहे. चुकलं असेल तर माझं चुकलं.

मॅडमचं वय चाळिशीच्या आसपास होतं. काटकुळ्या, काळ्या, वेणी इतकी घट्ट की कपाळ ओढल्यासारखं दिसायचं. मायक्रोस्कोपमध्ये बघताना माणसं एक डोळा मिटतात, मॅडम मिटत नसत. उजवा डोळा भिंगाला आणि डावा सताड उघडा. खोलीत जो उभा असेल त्याला वाटायचं की ह्या आपल्याकडे बघून राहिल्या. बायका पदर सावरायच्या. डॉक्टरसुद्धा त्यांच्या उजव्या बाजूलाच उभे राहायचे.

हायवेवरून ट्रक गेला की टेबल थरथरायचं आणि काचेवरचं सगळं हलायचं. मॅडम मान न उचलता म्हणायच्या, "थांबा, लोखंड जाऊ द्या." मग आम्ही थांबायचो. भरलेला ट्रक किती वेळ हलवतो आणि रिकामा किती, हे त्यांना पाठ होतं. शेवटी त्यांनी शेजारून स्कूटरची जुनी ट्यूब मागून आणली, अर्धी हवा भरली, वर फळी ठेवली आणि त्या फळीवर मायक्रोस्कोप. थरथर निम्म्यावर आली. पंक्चरवाला म्हणाला, "मॅडम, चंद्रावर जाता का काय?" मॅडम म्हणाल्या, "ट्यूबचे किती झाले थे सांग."

त्यांचा एक हट्ट होता आणि त्यापायी गिऱ्हाइकं तुटायची. पेशंट विचारायचा, "काही नाही ना जी?" साधं "काही नाही" म्हटलं की माणूस खूश होऊन घरी जातो. मॅडम म्हणायच्या, "मले दिसलं नाही."

"म्हंजे नाही ना?"

"म्हंजे दिसलं नाही."

डॉक्टर चिडायचे. "अहो, नॉर्मल म्हणा ना." मॅडमचं उत्तर, "नॉर्मल तुम्ही म्हणा. मी पाहते."

त्या नागपूरला मोठ्या परीक्षा पास झालेल्या होत्या. तीन वर्षं एका प्रयोगशाळेत एकाच गोष्टीच्या मागे होत्या. मग आईला लकवा झाला म्हणून गावाकडे आल्या. आई चार वर्षांनी गेली, ह्या राहिल्या. एवढं त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं. मी पुढचं विचारलं नाही आणि त्यांनी माझं विचारलं नाही.

त्या तीन वर्षांचं एक चित्र मात्र भिंतीला चिकटवलेलं होतं. रंगीत फितींचा गुंता, जशी शिवणाची पेटी सांडावी. दसऱ्याला मी मायक्रोस्कोपला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, तसंच एक फूल त्या चित्राला खोचलं. मॅडमनी ते काढलं.

"ह्याले नको, आजी. हे अजून पुरतं समजलं नाही. पूजा कायची करता?"

"हाय काय पन थे?"

"दार आहे."

मी पुन्हा पाहिलं. ना चौकट, ना कडी.

चहा पिताना त्यांनी सांगितलं. आपण डाळ खातो, मासे खातो. ते पोटात फुटून त्याचे फार बारीक तुकडे होतात. त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. वीस जातींचे असतात. त्यांच्यातूनच शरीर पुन्हा आपलं मांस उभं करतं. पण अंगातल्या प्रत्येक पेशीला तेलकट पातळ पडदा असतो आणि हे तुकडे तो ओलांडू शकत नाहीत. म्हणून पडद्यात दारं असतात. प्रथिनांचीच बनलेली. एका दारातून काही जाती जातात, दुसऱ्यातून दुसऱ्या.

"दाराले कसं समजते कोन आला?"

"तेच पाहण्यात तीन वर्षं गेली," मॅडम म्हणाल्या. मग माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही बांधीत निंदायले जात होत्या ना? सावा अन् धान लहानपणी सारखाच दिसते. तुम्ही कसं ओळखता?"

हे मला येत होतं. मी चाळीस वर्षं लोकांच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, निंदल्या. पान जिथे खोडाला मिठी मारतं तिथे बोट लावायचं. धानाला त्या जोडाजवळ पातळ जीभ असते आणि बारीक केसाळ कान असतात. साव्याच्या तणाचा जोड गुळगुळीत, त्याला काही नाही. डोळ्यांनी बघत बसलं तर एक बांधी आठ दिवस पुरेल. बोट लागलं की बोटालाच समजतं. बाकी सगळं रोप कसं का असेना.

मॅडमनी चहा खाली ठेवला आणि वहीत माझ्याकडून तो जोड काढून घेतला. माझ्या हाताला चित्र येत नाही, तरी तीनदा काढायला लावला.

"दार हेच करते," त्या म्हणाल्या. "सगळ्या अमिनो आम्लांचं डोकं एकसारखं असते. दार पहिले डोक्याले धरते. मग शेपूट चाचपते. एका दाराची खोबण अरुंद, तिच्यात लांब शेपूट मावत नाही. दुसऱ्या दाराच्या खोबणीत ऋण विजेचा भार असते, तिथे धन भाराचीच शेपूट बसते. नीट बसलं की दार बाहेरून मिटते अन् आतून उघडते."

"अन् नाही बसलं तं?"

"सुटून जाते. कोनी हाकलत नाही."

"कधी चुकते?"

"चुकते. लाखोरी खाल्ली ना तुम्ही?"

खाल्ली म्हणजे काय, आमच्याकडे धान कापलं की त्याच बांधीत लाखोरी पेरतात. माझ्या मामाने एका वाईट वर्षी चार महिने दुसरं काही पाहिलंच नाही, सकाळ-संध्याकाळ लाखोरीची डाळ आणि लाखोरीची भाकर. त्याचे पाय लाकडासारखे झाले. पुढे मरेपर्यंत तो काठी धरून, गुडघ्यावर गुडघा आपटत चालला. गावाने देवीचा कोप म्हटलं. मॅडम म्हणाल्या की त्या दाण्यात एक वस्तू असते, तीही अमिनो आम्लच, पण आपल्या वीसांतली नाही. मात्र डोकं आपल्यासारखं, शेपूटही जवळपास एका ओळखीच्या जातीसारखी. शरीर तिला आपली समजून घेतं आणि पायांच्या नसा जळतात.

"दाराले हेतू नसते, आजी. आकार जुळला की घेते. मामाचं काही पाप नव्हतं."

मामाला जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती. हे त्याला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

वैशाली आली ती एप्रिलमध्ये. चोवीस वर्षांची पोरगी, चार कोसांवरच्या तलावाकाठच्या गावात दिलेली. सोबत नवरा दिलीप आणि सासू. नवरा राइस मिलमध्ये कामाला. वैशाली बाकड्यावर बसली ती एका कुशीवर वाकून. लग्नाआधी तिची एक किडनी काढलेली. मुतखड्यांनी ती पार निकामी केली होती. उरलेल्या किडनीचे खडे एकदा काढून झाले, आता पुन्हा मोठा खडा झाला होता. भंडाऱ्याच्या सर्जनने परवाची तारीख दिली होती आणि त्याआधी रक्त-लघवी तपासून आणायला सांगितलं होतं.

सासूची बडबड सुरूच होती. "चुना बंद केला, टमाटे बंद केले, दूध दोन वर्षांपासून बंद हाय. तरी गोटे होऊनच राहिले. ह्या खेपेले बरी झाली तं ठीक, नाही तं माहेरी नेऊन घालतो. एका गुर्द्याची बाई आमी किती दिवस ओढायची?"

वैशाली समोर बसलेली होती. दिलीप दाराबाहेर बघत होता.

लघवी तिने घरून औषधाच्या बाटलीत आणली होती. मॅडम भिंगाला डोळा लावून बसल्या आणि उठल्याच नाहीत. तीन ट्रक गेले, तरी मान वर नाही. मग त्यांनी मला बोलावलं. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

"आजी, पाहा. काय दिसते?"

मला आधी माझीच पापणी दिसली. मग दिसलं. काचेचे सपाट तुकडे, बिनरंगाचे, एकावर एक पडलेले.

"कोपरे मोजा."

मोजले. सहा. दुसऱ्याचे मोजले, तेही सहा.

मॅडमनी वहीत चित्र काढलं आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, सहा कोपरे आहेत, म्हणजे सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाचे खडे असू शकतात, ऑपरेशनमध्ये निघालेला दगड फेकू नये, तपासावा. डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि खाली ठेवला. ते वाईट माणूस नव्हते, पण भंडाऱ्याचा सर्जन आपल्याला हसेल ह्याची त्यांना फार भीती होती.

"वीस वर्षांत मी एक पाहिला नाही. परत घ्या सँपल."

वैशालीला लॅबची धुतलेली बाटली दिली. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी त्यात भरून दिलीप मिलला जाता जाता देऊन गेला. डॉक्टर मॅडमच्या उजव्या हाताला उभे राहिले. "पट्ट्याबिट्ट्या राहू द्या, आधी दाखवा." मॅडमनी काच लावली. पाहिली. दुसरी लावली, तिसरी लावली. मग बाजूला सरल्या. डॉक्टरांनी स्वतः पाहिलं. काचेवर काहीच नव्हतं.

"आता काय म्हणता?"

"काल दिसले. आज दिसले नाही. दोन्ही लिहिते."

"एका माणसाचे दोन रिपोर्ट? ते काही नाही. साधा रिपोर्ट करा अन् सही करा. चार वाजता तो पोरगा न्यायला येईल. तोवर सही नसली तर उद्यापासून येऊ नका."

ते गेल्यावर मी म्हटलं, "करून टाका ना सही. आपरेशन तं होनारच हाय."

मॅडमनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या तोंडाकडे पाहिलं. "होईल. दगड निघंल, ट्रेमध्ये पडंल अन् कचऱ्यात जाईल. मागच्या वेळी तसाच गेला. औषध कोणतं द्यायचं ते कोणाले माहीत नाही, म्हणून सहा महिन्यांत नवा दगड. दुसरी किडनी नाही तिच्यापाशी, आजी."

मग त्या खुर्चीत बसून राहिल्या. बराच वेळ. एकदम उठल्या, लाल लिटमसचा कागद काढला आणि सकाळच्या बाटलीत बुडवला. कागद निळा झाला. गर्द निळा.

"काल हा लालच राहिला होता," त्या म्हणाल्या. स्वतःशीच. मग मला, "आजी, ही बाटली कशात धुतली?"

"पान्यात."

"नुसत्या?"

"नुसत्या."

मी खोटं बोलले. मॅडमनी फळीवरची दुसरी धुतलेली बाटली उचलली, तिच्यात थोडं पाणी घालून हलवलं आणि नवा कागद बुडवला. तोही निळा झाला. त्यांनी तो ओला कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि वाट पाहिली.

मी सांगितलं. लोक घरून सँपल आणतात ते खोबरेल तेलाच्या, औषधाच्या, मिळेल त्या बाटलीत. त्यातल्या चांगल्या बाटल्या मी ठेवून द्यायची, त्याच पुढच्यांना द्यायची. तेलकटपणा जात नाही म्हणून होळीपासून मी त्या धुण्याच्या सोड्यात बुडवत होते. मॅडमनी तीनदा साध्या पाण्याने खंगाळायला सांगितलं होतं. पण बोअरला उन्हाळ्यात दिवसाला दोन बादल्या पाणी येत होतं, फरशी त्यातच पुसायची, म्हणून मी एकदाच खंगाळत होते. मला वाटत होतं मी जास्त स्वच्छ करते.

"सोड्यात सिस्टीन विरघळते," मॅडम म्हणाल्या. "बाटलीतच विरघळली."

त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून गेले होते. चारला दिलीप येणार होता, पहाटे वैशालीला घेऊन जीप भंडाऱ्याला निघणार होती. पोरीला पुन्हा लॅबमध्ये आणायला तिच्या घरचे तयार होणार नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं.

मॅडमनी मायक्रोस्कोप उचलला. जुना होता, खाली आरसा असलेला, दिव्याशिवाय चालणारा. पेटीत घातला. "आजी, स्कूटीवर मागे बसता येते का?"

"डॉक्टरसाहेबाले इचारा तं खरं."

"ते झोपले असतील. बसता येते का?"

मी आयुष्यात स्कूटीवर बसले नव्हते. पेटी मांडीवर घेऊन बसले. चार कोस मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत. खड्डा आला की तेवढं म्हणायच्या, "पेटी धरा, मले नका धरू."

वैशालीच्या अंगणात पोचलो तेव्हा सासू मोहफुलं वाळत घालत होती.

"आता काय जी?"

"लघवी पाहिजे. आणखी एकदा."

"किती वेळा मुतवता बाप्पा तिले? सकाळी तं नेली भरून."

"ती बाटली खराब होती. आमच्याकडून चूक झाली."

"चूक तुमची अन् तरास आमाले?" सासू उठून उभी राहिली. "नाही देत. उद्या आपरेशन हाय, पोरगी पडून हाय, अन् तुमी शिशा घेऊन दारोदार फिरून राहिल्या. कोनत्या डाक्टरनं धाडलं तुमाले?"

"कोणीच नाही. मी आली."

मॅडमना खोटं बोलता येत असतं तर तिथे फार उपयोग झाला असता. सासूने आम्हाला हाकललंच असतं. तेवढ्यात वैशाली भिंत धरत बाहेर आली. माझ्या हातातली कोरी बाटली तिने घेतली, उन्हात धरून पाहिली आणि परसात गेली. सासू म्हणाली, "वैशाले." ती थांबली नाही.

लघवी काचेच्या नळीत भरल्यावर मॅडमनी तिच्यात व्हिनेगरचे दोन थेंब टाकले, कारण आंबटात सिस्टीन विरघळत नाही, आणि नळी माठाच्या गार पाण्यात उभी करायला सांगितली. कण खाली बसायला तास लागणार होता. त्या तासात त्या अंगणात कोणी कोणाला चहा विचारला नाही.

दिलीपला कोणीतरी फोन केला होता. तो मिलमधून तुसाच्या धुळीने पांढरा झालेला तसाच आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. "काय चालू हाय?"

मॅडमनी त्याला सांगितलं, पण नजर वैशालीकडे. "किडनी रक्त गाळते. गाळताना कामाचंही बाहेर पडते. मग पुढच्या नळीत बारीक दारं असतात, ती कामाचं ओळखून परत उचलतात. हिच्या नळीतलं एक दार बिघडलेलं असावं. त्या दारातून चार जाती परत येतात. चारही आता लघवीत जाऊन राहिल्या. तिघी पाण्यात विरघळतात, त्यांचं काही नाही. चौथी, सिस्टीन, विरघळत नाही. तिचे दगड होतात."

"चुन्यानं नाही झालं?" सासूने विचारलं.

"असं असलं तर नाही."

"टमाट्यानं?"

"नाही."

"मी तं दूध बंद केलं तिचं."

"मग चालू करा."

सासू थोडा वेळ मोहफुलं खालीवर करत राहिली. "म्हंजे माहेरचं दुखनं हाय."

"आईकडून एक बिघाड अन् बापाकडून एक. दोघांचे मिळून हिच्यात आले. आईबापाले काहीच होत नाही, त्यांना माहीतही नसते."

"अन् पुढं लेकरं झाली तं?"

"दिलीपमध्ये बिघाड असला तर होऊ शकते. नसला तर नाही होत."

"माह्या पोराले काहून असंल?"

"मी त्याचं पाहिलं नाही," मॅडम म्हणाल्या.

दिलीप हसला. पहिल्यांदाच. सासूने त्याच्याकडे असं पाहिलं की हसू बंद झालं.

तास झाला. ओट्यावर, जिथे ऊन येत होतं तिथे, मॅडमनी मायक्रोस्कोप ठेवला. तळाचा थेंब काचेवर घेतला, आरसा फिरवला. त्या वाकल्या. त्यांचा डावा डोळा उघडा होता आणि तो माझ्यावर होता असं मला वाटत होतं.  दिसलं नसतं तर मॅडमची नोकरी गेलीच होती, पण ते मी सहन केलं असतं. मी वैशालीकडे बघू शकत नव्हते.

मॅडम बाजूला झाल्या आणि सासूला म्हणाल्या, "तुम्ही पाहा."

"मी काय पाहू? मले का समजते?"

"पाहा."

सासूने पदर खोचला, एक डोळा हाताने दाबून धरला आणि वाकली. 

"हे तं मोहोळाच्या घरासारखं हाय," ती म्हणाली. "एकेक घर सुटं करून टाकल्यावानी." मग मान न उचलता म्हणाली, "हे हिच्या पोटात होते?"

"हो."

सासू उठली, घरात गेली आणि पाण्याचा गडू भरून आणून वैशालीच्या हातात दिला. 

चारच्या आत आम्ही परत आलो. डॉक्टर खुर्चीत बसून होते, मायक्रोस्कोपची जागा रिकामी होती. मॅडमनी पेटी उघडली, फळीवर ठेवली, काच लावली. डॉक्टरांनी पाहिलं. उठले, पुन्हा बसून पाहिलं. मी त्यांना सोड्याचं सगळं सांगितलं. मॅडमनी सांगायला लावलं नव्हतं.

डॉक्टरांनी सर्जनला स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली, दगड जपून ठेवा म्हणून, आणि फोनही केला. मग मॅडमना म्हणाले, "रिपोर्ट तुमचा बरोबर आहे. पण मशीन न विचारता बाहेर नेलं. पडलं असतं तर? उद्यापासून येऊ नका."

"होळीपासूनचे सगळे लघवीचे रिपोर्ट परत पाहावे लागतील," मॅडम म्हणाल्या. "यादी वहीत करून ठेवते."

त्या संध्याकाळपर्यंत यादी करत बसल्या. भिंतीवरचं चित्र काढून गुंडाळलं आणि गेल्या.

मला डॉक्टर म्हणाले, "तू काम कर. सोडा बंद." चूक माझी होती आणि मी राहिले. त्यांच्यासोबत मीही काम सोडलं असतं तर लिहायला बरं दिसलं असतं. पण मला दुसरं काम नव्हतं.

चौथ्या दिवशी मी बसने भंडाऱ्याला गेले. वैशालीला सोड्याचं सांगायचं होतं. सासूसमोर मॅडम "आमच्याकडून चूक" म्हणाल्या होत्या. ते आमच्याकडून नव्हतं, माझ्याकडून होतं. दगड निघाला होता आणि सर्जनने तो बाटलीत ठेवला होता. मेणबत्तीच्या तुकड्यासारखा, पिवळसर. पुढे मोठ्या तपासणीतही तेच निघालं जे मॅडमनी लिहिलं होतं. वैशाली आजही औषध घेते, रात्रीतून दोनदा उठून तांब्याभर पाणी पिते, आणि ती किडनी तिच्यापाशी आहे. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी हे कोणालाच माहीत नव्हतं. सर्जन फक्त एवढं म्हणाला होता की लघवी भरपूर आणि पातळ व्हायला पाहिजे, नाही तर आत उरलेल्या बारीक कणांवर पुन्हा थर चढेल.

वॉर्डात सासू खाली सतरंजीवर झोपली होती. दिलीप भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता. खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर गभने मॅडम होत्या. किती वेळच्या, ते मला माहीत नाही. वेणी तशीच घट्ट होती. हातात पाण्याचा ग्लास.

मी खाटेजवळ उभी राहून वैशालीला सांगितलं. बाटली मी धुतली, सोड्यात धुतली, विचारलं तेव्हा खोटं बोलले. वैशालीने ऐकून घेतलं. तिचे ओठ फुटले होते.

"मले वाटलं, मॅडमच खोटं बोलून राहिल्या," ती म्हणाली. "तरी म्या बाटली घेतली. घरात दुसरं कोनी काही इचारत नव्हतं."

मग ती मॅडमना म्हणाली, "पुरे ना जी आता. उलटी होईल."

"होऊ द्या. मग परत प्या."

"मॅडम, रातभर पाजून राहिल्या तुमी."

मी म्हटलं, "द्या, मी पाजते. तुमी थोडं पडा."

मॅडमनी ग्लास माझ्याकडे दिला नाही. वाकून खाटेला लटकलेली लघवीची पिशवी नळीसकट उचलली आणि खिडकीच्या उजेडात डोळ्यांसमोर धरली. दोन्ही डोळे उघडे ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.

"अजून पिवळी आहे," त्या म्हणाल्या. "प्या."